‘पी५३ पॉझिटिव्ह’ म्हणजे चांगलं की वाईट? कुत्र्याच्या मेंदूतली गाठ आणि तपकिरी रंगाचा घोटाळा

कुत्र्याच्या मेंदूतल्या गाठीचा तुकडा तपासला आणि रिपोर्टात ‘पी५३: पॉझिटिव्ह’ अशी ओळ आली (पी५३ला चिकटणाऱ्या प्रतिपिंडाच्या, म्हणजे अँटिबॉडीच्या मदतीने काचपट्टीवर पेशींची केंद्रकं तपकिरी रंगली, एवढाच तिचा अर्थ), की व्हॉट्सॲपवर दोन तऱ्हेचे सल्ले सुरू होतात. एकाचं म्हणणं, पी५३ हे कॅन्सर रोखणारं प्रथिन, ते भरपूर सापडलं म्हणजे उत्तमच. दुसऱ्याचं म्हणणं, पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर, विषय संपला. दोघेही चुकतात. पण पहिल्याच्या चुकीत पेशीच्या कारभाराची एक सुंदर खोच दडली आहे, म्हणून हा लेख.

आधी गाठींची तोंडओळख. कुत्र्याच्या मेंदूत सुरू होणाऱ्या गाठींत मेनिंजिओमा सर्वांत जास्त आढळतो. तो मेंदूवरच्या आवरणातून वाढतो आणि बाहेरून मेंदूला दाबतो. त्याखालोखाल ग्लायोमा, हा मेंदूच्या आतल्या आधारपेशींतून उगवतो. गोल्डन रिट्रीव्हर, कोली अशा लांब नाकाच्या कुत्र्यांत मेनिंजिओमा जास्त. बॉक्सर, बॉस्टन टेरियर आणि आता कोथरूड-बाणेरच्या सोसायट्यांत रोज दिसणारा फ्रेंच बुलडॉग यांच्यात ग्लायोमा जास्त. मात्र निव्वळ चपटं तोंड हे त्याचं कारण नव्हे. पगही चपट्या तोंडाचाच, पण त्याच्यात ग्लायोमाचा कल बॉक्सरइतका दिसत नाही. म्हणजे दोष तोंडाच्या ठेवणीत नाही, त्या वंशावळीबरोबर आलेल्या जनुकांत शोधायला हवा.

आता पी५३. याचा शोध १९७९चा, आणि पहिली दहा वर्षं त्याला कॅन्सर घडवणारं प्रथिन समजत होते. गाठ रोखणारं प्रथिन म्हणून त्याची खरी ओळख पटली १९८९च्या सुमारास. नावातलं ५३ हे वजन, किलोडाल्टन या रेणूंच्या मापातलं, तेही चुकीचं. प्रथिनं वजनानुसार वेगळी करणाऱ्या जेलमध्ये ते जड असल्यासारखं हळू सरकतं. माणसातलं खरं वजन ४४च्या आसपास. माणसाचं पी५३ ३९३ अमिनो आम्लांचं, कुत्र्याचं ३८१. हा फरक पुढे उपयोगी पडणार आहे.

निरोगी पेशीत पी५३ सतत तयार होतं आणि वीसेक मिनिटांत नष्टही होतं. नष्ट करण्याची व्यवस्था एमडीएम२ नावाच्या प्रथिनाकडे. ते पी५३ला धरतं, त्यावर युबिक्विटिनची चिठ्ठी चिकटवतं, आणि चिठ्ठी लागलेला माल प्रोटिॲझोम नावाच्या यंत्रात भरडला जातो. एमडीएम२ला पेशीतली घंटागाडी म्हणू. खरी गंमत पुढेच आहे: ही घंटागाडी बोलावतो कोण? स्वतः पी५३! ते डीएनएवर बसून जी जनुकं चालू करतं, त्यांत एमडीएम२चंही जनुक असतं. पी५३ वाढलं की एमडीएम२ वाढतं, एमडीएम२ वाढलं की पी५३ घटतं. म्हणून त्याची पातळी कायम खाली राहते.

डीएनए तुटला की एटीएम नावाचं विकर पी५३च्या टोकाला फॉस्फेट जोडतं. एमडीएम२ची पकड सुटते, घंटागाडी रिकामी परतते आणि पी५३ साठू लागतं. चार-चार रेणूंची टोळी करून ते डीएनएला धरतं आणि पी२१चं जनुक चालू करतं. पी२१ पेशीविभाजनाची चाकं थांबवतं, तेवढ्यात दुरुस्ती होते. दुरुस्ती जमलीच नाही तर प्यूमा या प्रथिनाच्या चिथावणीने बॅक्स हे प्रथिन मायटोकाँड्रियाला, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघराला भोकं पाडतं, सायटोक्रोम-सी नावाचं प्रथिन बाहेर गळतं आणि पेशी शिस्तीत मरते. मधल्या काळात एमडीएम२ही वाढत असतंच, त्यामुळे पी५३ एकदम चढून तिथेच थांबत नाही. त्याच्या लाटा येतात. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींत दोन लाटांमधलं अंतर साधारण साडेपाच तास मोजलं गेलं आहे.

आता पी५३च्या जनुकात एका अक्षराची चूक झाली असं धरा. अशा बहुतेक चुका मधल्या भागात होतात, म्हणजे डीएनएला धरणाऱ्या हातात. प्रथिन तयार होतं, पण हात मोडका. पी२१ चालू होत नाही. आणि एमडीएम२ही नीट चालू होत नाही! घंटागाडी बोलावणाराच लुळा झाल्यावर कचरा उचलणार कोण? मोडकं पी५३ तासन्‌तास पेशीत पडून राहतं, ढीग होतो. काचपट्टीवर केंद्रकं गडद तपकिरी दिसतात ती या ढिगामुळे. पहारेकऱ्यांची गर्दी दिसते, पण त्यांतला एकही शिट्टी वाजवू शकत नाही.

त्यात भर चौघांच्या टोळीच्या हिशेबाची. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच बिघडली आणि दोन्हींतून सारखंच प्रथिन निघालं, तर चारही रेणू धड असण्याची शक्यता अर्धा गुणिले अर्धा गुणिले अर्धा गुणिले अर्धा, म्हणजे १६त १. एक नासका आंबा अढी नासवतो, तसं.

मात्र कुत्र्यांच्या मेंदूतल्या गाठींत पी५३च्या जनुकातली अशी चूक फार थोड्यांतच सापडली आहे. माणसाच्या ग्लायोब्लास्टोमात, म्हणजे ग्लायोमाच्या सर्वांत आक्रमक प्रकारात ती बरीच जास्त असते. कुत्र्यांच्या ग्लायोमात पीडीजीएफआरए, पीआयके३सीए अशा वाढीचा ॲक्सिलरेटर दाबणाऱ्या जनुकांतले बदल मात्र सापडतात. शिवाय ऑक्सिजन कमी पडलेल्या, ताणाखालच्या पेशींतही धडधाकट पी५३ साठतं. उलट, चुकीमुळे प्रथिन अर्ध्यातच तुटलं तर ते टिकत नाही, आणि पी५३ बिघडलेलं असूनही काच कोरी दिसते. थोडक्यात, तपकिरी म्हणजे ‘साठलं आहे’. ‘बिघडलं आहे’ असं म्हणायला जनुकाची अक्षरं वाचावी लागतात.

मेनिंजिओमात वाचन नेमकं उलटं. इथला पहारेकरी मर्लिन, एनएफ२ जनुकाचं प्रथिन. पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या एनसीसीएस या पेशीसंशोधन केंद्रासारख्या संस्थेत पेशी प्लॅस्टिकच्या फ्लास्कमध्ये वाढवतात. बऱ्याच प्रकारच्या निरोगी पेशी तळ भरला, एकमेकींना टेकल्या, की वाढ आवरतात. लक्ष्मी रोडला गणपतीत हे कुणाला जमत नाही, पेशींना जमतं. टेकल्याचा निरोप आत नेणाऱ्यांत मर्लिन असतं. ते लॅट्स विकराला कामाला लावतं, आणि लॅट्स वाढीचा हुकूम देणाऱ्या यॅप प्रथिनाला केंद्रकाबाहेर अडवून ठेवतं. मर्लिन नसेल तर यॅप आत शिरतं. मर्लिनचं भावंड ४.१बी आणि त्याला पेशीच्या आवरणाशी बांधणारं टीएसएलसी१, ही दोन्हीही याच कामातली. कुत्र्यांच्या काही मेनिंजिओमांत ही प्रथिनं कमी किंवा गायब आढळली आहेत. इथे रंग नसणं हीच वाईट खूण.

पण रंग न येण्याला लॅबमधलीही कारणं असतात. तुकडा १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये २४ ते ४८ तास ठेवतात. आठवडे पडून राहिला तर प्रथिनं एकमेकांत इतकी गुंततात की प्रतिपिंडाला जागाच सापडत नाही. मेणात बसवून ३-४ मायक्रॉनचे काप काढले, की पीएच ६च्या सिट्रेट द्रावणात सुमारे ९५ अंशांवर वीसेक मिनिटं तापवून ती गुंतागुंत सोडवतात. रक्तपेशींतलं पेरॉक्सिडेज विकर आधी निकामी करणारी हायड्रोजन पेरॉक्साइडची पायरी चुकली तर त्या विकरामुळे नको तिथे तपकिरी येतं. आणि प्रतिपिंड माणसाच्या प्रथिनासाठी बनवलेलं असेल तर? कुत्र्याच्या ३८१ दुव्यांच्या साखळीत ते ज्या तुकड्याला चिकटतं तो तुकडा तसाच असेल याची खात्री नाही. म्हणून प्रत्येक वेळी कुत्र्याचाच, उत्तर माहीत असलेला तुकडा शेजारी रंगवायचा. तो रंगला नसेल तर ‘निगेटिव्ह’ला काडीचा अर्थ नाही.

कुत्र्याच्या गळ्यात काळा दोरा आणि जेवणात हळदीच्या कॅप्सुल्स हा घरगुती उपचार अजून चालतो. हळदीतलं कर्क्युमिन पी५३ ‘जागं करतं’ असे दावे बहुतेक पेशींच्या फ्लास्कमधले आहेत. पोटातून ते रक्तात फारच थोडं पोचतं, मेंदू तर पुढची गोष्ट. मेंदूतल्या गाठीमुळे फिट येऊ शकते, पण फिट आल्यावर कांदा किंवा चप्पल हुंगवणं तर सोडाच. घड्याळ लावा, तोंडात हात घालू नका. फिट पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट दवाखाना. पाचव्या-सहाव्या वर्षानंतर आयुष्यातली पहिलीच फिट आली असेल तर एमआरआयचा विषय काढायला हवा.

शस्त्रक्रियेनंतर तुकडा घेऊन जायची वेळ आलीच, तर रुंद तोंडाची बाटली घ्या, तुकड्याच्या दहापट फॉर्मॅलिन, आणि बाटली फ्रीझरमध्ये ठेवू नका. बर्फाच्या स्फटिकांनी पेशी फाटतात, आणि फाटलेल्या पेशीत तपकिरी रंग केंद्रकातला की बाहेरचा, हे कुणालाच सांगता येत नाही.