शेवाळाला युरिया घालावा का?

स्पिरुलिना या खाण्याच्या शेवाळाच्या टाक्या बांधायला निघालेल्या शेतकऱ्याचा पहिला हिशेब बहुतेक वेळा खताचा असतो. सोडियम नायट्रेटमध्ये नायट्रोजन साडेसोळा टक्के, युरियात 46 टक्के. युरिया स्वस्त आणि गावातल्या दुकानात मिळणारा. मग महागाचं नायट्रेट कशाला आणायचं?

कागदावर हा हिशेब बरोबर आहे, टाकीत मात्र तो फसू शकतो. नायट्रोजन किती दिला याच्याइतकंच तो कोणत्या रूपात दिला आणि पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-क्षारतेचं माप) काय होता, यावरही वाढ ठरते.

स्पिरुलिना हे काटेकोर बोलायचं तर शेवाळ नव्हे, प्रकाशसंश्लेषण करणारा नीलहरित जिवाणू आहे. बाजार त्याला शेवाळ म्हणतो, म्हणून इथेही तसंच म्हणू. त्याचं मूळ घर म्हणजे खारट-क्षारीय तळी. आफ्रिकेतल्या चाड सरोवराकाठचे लोक ते गाळून, वाळवून त्याच्या वड्या खातात. आपल्या लोणारच्या पाण्याचा सामू दहाच्या आसपास असतो, आणि तिथेही ते सापडतं. इतक्या क्षारीय पाण्यात बाकीचे बहुतेक जीव तग धरत नाहीत. उघड्या टाकीत हे पीक शुद्ध ठेवता येतं ते याच जोरावर.

हे पाणी कृत्रिमरीत्या बनवण्याचा सर्वाधिक वापरला गेलेला नुस्खा झारूक या फ्रेंच संशोधकाचा, 1966 सालचा. एक लिटर पाण्यात 16.8 ग्रॅम खाण्याचा सोडा, अडीच ग्रॅम सोडियम नायट्रेट, अर्धा ग्रॅम पोटॅशियम फॉस्फेट आणि थोडे इतर क्षार. यातल्या नायट्रेटमधून लिटरला साधारण 0.41 ग्रॅम नायट्रोजन मिळतो. स्पिरुलिनाच्या कोरड्या वजनात नायट्रोजन दहा टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे एवढ्यावर चार ग्रॅम पीक निघायला हवं. उघड्या टाकीत लिटरला एक ग्रॅमही क्वचितच होतं. कारण घनता वाढली की वरचा थर खालच्यावर सावली धरतो आणि वाढ प्रकाशावर अडते. मग उरलेल्या नायट्रेटचं काय? पीक कापडातून गाळलं की तेच पाणी पुन्हा टाकीत सोडतात आणि जेवढं पिकाबरोबर गेलं तेवढंच भरतात. म्हणून झारूकचा नुस्खा रोजच्या खताचं प्रमाण समजून वापरणं मला उधळपट्टी वाटते. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने (सीएफटीआरआय) आपल्या नुस्ख्यात सोडा साडेचार ग्रॅमवर आणला, तो खर्चाचाच विचार करून.

आता नायट्रोजनच्या रूपाकडे वळू. नायट्रेटचा प्रथिनांसाठी उपयोग करायचा तर पेशीला आधी त्याचं अमोनियममध्ये रूपांतर करावं लागतं आणि नायट्रेटच्या एका रेणूमागे आठ इलेक्ट्रॉन खर्चावे लागतात. हे इलेक्ट्रॉन प्रकाशातूनच कमवायचे. नायट्रेट म्हणजे कोरडा शिधा, अमोनियम म्हणजे वाढलेलं ताट. साहजिकच दोन्ही समोर असतील तर बहुतेक शेवाळं आधी अमोनियम उचलतात.

पण क्षारीय पाण्यात या ताटात विष कालवलं जातं. अमोनियमचा आयन आणि अमोनिया वायू यांचं पाण्यातलं प्रमाण सामू ठरवतो. सामू सात असेल तर अमोनिया एक टक्काही नसतो. सामू दहाला पोचला की 25 अंश सेल्सिअसला तो सुमारे 85 टक्के होतो, आणि उन्हात तापलेल्या टाकीत त्याहूनही जास्त. अमोनियावर विद्युतभार नसल्यामुळे तो पेशीच्या पडद्यातून सहज आत शिरतो आणि पाण्याचं विघटन करून ऑक्सिजन सोडणाऱ्या यंत्रणेवरच घाव घालतो. तटस्थ सामूला वाढणाऱ्या क्लोरेला या हिरव्या शेवाळाला अमोनियम चालतं, स्पिरुलिनाला जपून द्यावं लागतं, ते यामुळे. क्लोरेलाची अडचण उलटी आहे. अमोनियम घेताना पेशी हायड्रोजन आयन बाहेर टाकते, त्यामुळे सामू घसरत जातो आणि वेळीच सावरला नाही तर वाढ थांबते. नायट्रेटवर सामू चढतो.

युरिया हा नायट्रेट आणि अमोनियम या दोन्हींच्या मधला. तो स्वतः फारसा विषारी नाही, पण युरिएज हे विकर त्याचे तुकडे करून अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड मोकळे करतं. नायट्रेटइतकाच नायट्रोजन देण्यासाठी लिटरला सुमारे 0.9 ग्रॅम युरिया लागेल. एवढा एकदम टाकला तर टाकी गमावण्याचा धोका आहे. तेवढाच युरिया रोज थोडाथोडा, पीक उचलेल त्या गतीने दिला तर उत्तम चालतो, आणि नायट्रेटबरोबर येणारं सोडियमही पाण्यात साठत नाही. थोडक्यात, युरिया घालावा, पण मोजून आणि रोज. दोन दिवस गावाला जाणाऱ्याला नायट्रेटच बरं.

नायट्रोजन कमी पडला तर टाकीच सांगते. निळसर हिरवा रंग उतरून पिवळट होतो, कारण फायकोसायनिन हे निळं प्रथिन पेशी मोडून खाते. याच उपासमारीचा काही शेवाळांमध्ये मुद्दाम उपयोग करतात. हिमॅटोकॉकस उपाशी ठेवलं की अस्टाझॅन्थिन हे लाल रंगद्रव्य साठवतं, तर इतर कित्येक जाती तेल साठवतात. या तेलापासून डिझेल करण्यासाठी अमेरिकेने 1978 ते 1996 एक मोठा प्रकल्प चालवला. उपाशी पेशीत तेलाची टक्केवारी वाढली खरी, पण वाढच मंदावल्यामुळे एकूण तेल वाढलं नाही. ‘शेवाळापासून इंधन’ अशा बातम्यांत हा भाग बहुधा गाळलेला असतो.

फॉस्फरसचं गणित तुलनेने सोपं, कारण तो मिळेल तेव्हा पेशी गरजेपेक्षा जास्त साठवून ठेवते. फक्त त्यासाठी डीएपी (डाय-अमोनियम फॉस्फेट) हे खत वापरताना सावध राहावं. त्यात 18 टक्के नायट्रोजन आहे आणि तो सगळा अमोनियमच्या रूपात. शिवाय खताच्या दर्जाच्या फॉस्फेटमध्ये खनिज खडकातलं कॅडमियम येऊ शकतं, आणि स्पिरुलिना पाण्यातले जड धातू चटकन शोषून घेतं. माणसाने खायच्या भुकटीसाठी खाद्य दर्जाचेच क्षार वापरावेत आणि प्रत्येक खेपेच्या मालाची शिसं, कॅडमियम, आर्सेनिक यांसाठी प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी.