उद्योगांना सरकारी मदत आणि लॉबिंग : नाशिक

आपल्या हिताचा निर्णय व्हावा म्हणून सरकारकडे संघटितपणे केलेला पाठपुरावा म्हणजे लॉबिंग. मराठीत हा शब्द बहुधा संशयानेच येतो. तेच काम उजळ माथ्याने केले की ते ‘साकडे’ ठरते. ‘उद्योगमंत्र्यांना साकडे’ हा मथळा नाशिककरांना पाठ आहे. खालच्या फोटोत पुष्पगुच्छ आणि एकच निवेदन धरलेले पाच-सहा हात.

सातपूर-अंबडच्या कारखानदारांसाठी हे काम ‘निमा’ आणि ‘आयमा’ या संघटना करतात. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा उद्योग मित्र समितीची, बोलीभाषेत ‘झूम’ची, बैठक होते. तिथे खड्डे, बंद पथदिवे, वीज, सांडपाणी असे विषय निघतात आणि इतिवृत्तात येतात. मोठ्या सवलती मात्र मुंबईत ठरतात. राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासूनची. तिच्यात मागास तालुक्याला जास्त लाभ, म्हणून आपला तालुका कोणत्या वर्गात बसतो यालाच मोल.

अमेरिकेत १९९५ च्या कायद्याने लॉबिंग करणाऱ्यांना नोंदणी करून खर्च जाहीर करावा लागतो. भारतात तसा कायदा नाही. संघटना करण्याचा हक्क घटनेने दिला आहे. कोण कोणाला भेटले, हे सांगण्याचे बंधन नाही.

साकडे कोणाचे फळते, हे निफाड तालुक्यात जवळून दिसते. राज्याने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया धोरण आणले, वाइनला उत्पादन शुल्क माफ केले आणि विंचूरला वाइन पार्क उभे राहिले. वाइनवाले मोजके, मागणी नेमकी. तरी जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचा मंत्रिमंडळाचा निर्णय विरोधामुळे अडकलाच.

विंचूरशेजारच्या लासलगावात गणित उलटे. कांदा उत्पादक असंख्य, आणि समोर स्वस्त कांदा हवा असलेला शहरी मतदार. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले, तेव्हा व्यापाऱ्यांनी जिल्ह्यातले लिलाव बंद ठेवले. हे हत्यार शेतकऱ्याच्याच अंगावर येते, कारण तोवर साठवणुकीच्या चाळीतला उन्हाळ कांदा सडत असतो. डिसेंबरात तर निर्यातबंदीच आली. ती मे २०२४ मध्ये उठली, शुल्क पुढे २० टक्क्यांवर आले आणि पूर्ण हटले ते १ एप्रिल २०२५ ला.