मटणावरचा कर: बडोद्यातून पाहताना

डेन्मार्कने गाई-डुकरांच्या उत्सर्जनावर २०३०पासून कर घ्यायचं २०२४मध्ये ठरवलं. तेव्हापासून आपल्याकडेही मटणावर कर लागेल का, ही चर्चा अधूनमधून निघते. खरं म्हणजे मांसावरचा कर आपल्याला नवा नाही.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सूनाध्यक्ष नावाचा, कत्तलखान्यांवर देखरेख करणारा अधिकारी आहे. ज्यांना अभय दिलेलं नाही अशा प्राण्यांच्या मांसाचा सहावा भाग तो राजासाठी घेई. दिल्लीच्या सुलतानांच्या काळात खाटकांकडून कापलेल्या गुरामागे १२ जितल (तेव्हाचं नाणं) जझारी नावाचा कर वसूल होई; फिरोजशाह तुघलकाने तो बंद केला. बडोदा संस्थानात जात आणि धंदा पाहून आकारलेले वेरे, म्हणजे कर, होते. सयाजीरावांच्या कारकिर्दीत ते जाऊन प्राप्तिकर आला. शहराची जकात २००७मध्ये उठली.

आता जीएसटी. खाटकाने समोर कापून दिलेल्या ताज्या मटणावर तो नाही. १८ जुलै २०२२पासून पाकीटबंद, लेबल लावलेल्या मांस-मासळीवर मात्र ५ टक्के लागला. त्याच दिवशी दही, लस्सी आणि पिठाच्या पाकिटांवरही लागला आणि सगळी ओरड त्यांच्यावरूनच झाली. मटणाचं नाव फारसं कुणी काढलं नाही. (रविवारी मटण आणणाऱ्या मराठी घरांनीसुद्धा!)

मांसावरून इथे वाद होतो तो दिसण्यावरून. नोव्हेंबर २०२१मध्ये बडोद्यात आमलेट-कबाबच्या लाऱ्यांना (हातगाड्यांना) माल झाकून ठेवायला, मुख्य रस्त्यांवरून हटायला सांगितलं गेलं. अहमदाबादेतही लाऱ्या उचलल्या गेल्या, तेव्हा लारीवाले गुजरात उच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाने महापालिकेला खडसावलं. या वातावरणात मांसावर कर म्हटलं, की खाणाऱ्याला तो दंडच वाटणार.

जर्मनीत २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, हवामानासाठी म्हणून सांगितलेल्या करापेक्षा जनावरांच्या कल्याणासाठी सांगितलेल्या कराला लोकांचा पाठिंबा जास्त दिसला. तिथे हा प्रश्न बहुतेक खाणाऱ्यांनाच विचारला जातो. गुजरातेत २०१४च्या सरकारी नमुना पाहणीनुसार सुमारे ६१ टक्के लोक शाकाहारी. जनावरांसाठी कर म्हटलं तर जीवदयेच्या नावाने पाठिंबा भरपूर मिळेल, पण त्यातल्या बहुतेकांना तो कधी भरावाच लागणार नाही. पैसे जातील ते उरलेल्या ३९ टक्क्यांच्या खिशातून, म्हणून त्यांना वेगळं विचारल्याशिवाय इथल्या कौलाला माझ्या लेखी फारसा अर्थ नाही.