संयुक्त राष्ट्रांचं मुख्यालय अमेरिकेतच आहे

न्यूयॉर्कमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या आवारात शिरलं की अमेरिकेचा कायदा संपतो, हा समज वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो चुकीचा आहे. 1947च्या मुख्यालय करारानुसार तिथे अमेरिकेचेच कायदे लागू आहेत; संघटनेला कामापुरते स्वतःचे नियम करता येतात, एवढंच. गोंधळ होतो तो करारातल्या आणखी एका कलमामुळे: सरचिटणीसांच्या संमतीशिवाय पोलिसांना आत कारवाई करता येत नाही. पण अटक चुकवणाऱ्यांना तिथे आसरा मिळू नये, असंही त्याच करारात बजावलं आहे, आणि नेमकं हेच कुणी सांगत नाही!

निमंत्रितांची वाट अडवायची नाही, हेही अमेरिकेने मान्य केलं आहे. तरी 1988मध्ये तिने पॅलेस्टिनी नेते यासर अराफात यांना व्हिसा नाकारला. महासभेने मग पॅलेस्टाईनवरची चर्चा जिनिव्हात घेतली.