पट्टकादंब : कूळ, नाव आणि ओळख
(उजनीच्या पाणथळीवर आमच्या होडीतून पक्षी पाहायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी)

हिवाळ्यात भिगवणजवळ काठावर राखाडी पक्ष्यांचा थवा दिसला की होडीत हमखास कुणीतरी विचारतं, "हे राजहंस का?" तो पट्टकादंब (बार-हेडेड गूज) असतो. यादीत नाव अचूक पडावं असं आम्हाला मनापासून वाटतं, म्हणून ही माहिती.

गण अ‍ॅन्सेरिफॉर्मिस, कुल अ‍ॅनॅटिडी. बदकं, चक्रवाक आणि पांढरे लांब मानेचे हंसही याच कुलातले. प्रजातीपाशी (जीनस, म्हणजे कुलातला जवळच्या जातींचा गट) मात्र वाटा फुटतात : ते हंस सिग्नस, चक्रवाक टॅडोर्ना आणि आपला पाहुणा अँसर. शेजारी उभा असलेला रोहित (फ्लेमिंगो) तर वेगळ्याच गणातला.

शास्त्रीय नाव अँसर इंडिकस (लॅथम, 1790). इंग्रज पक्षीशास्त्रज्ञ जॉन लॅथमने 1790 मध्ये या पक्ष्याला 'अनास' या बदकांच्या प्रजातीत घातलं होतं. पुढे तो अँसरमध्ये आला. प्रजाती बदलली की मूळ नाव देणाऱ्याचं नाव कंसात लिहायचा नियम आहे; पुस्तकात कंस दिसतो तो त्यामुळे. डोक्यावरच्या वेगळ्या खुणांमुळे काहींनी त्याच्यासाठी युलाबिया ही स्वतंत्र प्रजातीही मानली होती. आज तो सर्वसाधारणपणे अँसरमध्येच धरतात. त्याच्या उपजाती नाहीत, त्यामुळे तिसरं नाव लिहायची गरज नाही.

याचा जवळचा भाऊबंद कलहंस, म्हणजे अँसर अँसर. तोही हिवाळ्यात भारतात येतो, पण मुख्यतः उत्तरेकडे. फार्महाऊसवर पाळलेले पांढरे गूज बहुतेक त्याचेच वंशज.

पट्टकादंब मंगोलिया, तिबेट, लडाखकडे वीण करून हिमालय ओलांडून येतात. उपग्रह-टॅग लावलेला एक पक्षी 7,290 मीटर उंचीवर नोंदला गेला आहे. विरळ हवेतही त्यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू घट्ट पकडतं, हे त्यामागचं एक मोठं कारण.

दुर्बिणीतून आधी डोकं पाहा : पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे. मग चोच, पिवळी-नारिंगी, टोकाला काळी. कलहंसाला पट्टे नसतात. पण थव्यात बिनपट्ट्याचा, गडद माथ्याचा पक्षी दिसला तर घाईने कलहंस लिहू नका. पट्टकादंबाच्या पिल्लांना पहिल्या हिवाळ्यात पट्टे उमटलेले नसतात. शंका असेल तर नावाड्याला होडी थांबवायला सांगा; जवळ जाऊन थवा उठवू नका.