काट्याचं वजन बिलात येत नाही? आधी हे वाचा

नमस्कार मंडळी, मार्केट यार्डातल्या बऱ्याच गाळेवाल्यांचे फोन आले की नवीन कॉम्प्युटर घेतला, बिलिंग मस्त चालतंय पण काट्याचं वजन काही बिलात येत नाही. चूक आमच्या जुन्या इन्स्टॉलरची (प्रोग्रॅम पीसीवर बसवणाऱ्या फाइलची) होती, फोनवर सांगायला गेलं की गोंधळ होतो म्हणून लिहूनच देतोय.

आपला प्रोग्रॅम मुद्दाम ३२ बिटचा (जुन्या पद्धतीचा, नवी पद्धत ६४ बिटची) ठेवलाय, म्हणजे जुन्या पीसीवर पण चालतो आणि नव्यावर पण. काट्याच्या ड्रायव्हरचं (काटा विंडोजला जोडणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचं) तसं नसतं, ६४ बिट विंडोज ३२ बिटचा ड्रायव्हर घेतच नाही, त्यामुळे विंडोज कुठलं हे इन्स्टॉलरला आधी कळायला लागतं. आम्ही काय करत होतो, तर आपल्याच प्रोग्रॅममधल्या पॉइंटरची (मेमरीतला पत्ता ठेवणाऱ्या जागेची) साइझ बघायचो, ४ बाइट आली की ३२ बिट, ८ आली की ६४. पण ती साइझ प्रोग्रॅम कंपाइल होतानाच (आमच्याकडे तयार होतानाच) ठरून जाते हो! मशीन कुठलंही असो, उत्तर आपलं ४च, म्हणजे ६४ बिट विंडोजला पण ३२ बिटच समजायचो. स्वतःच्या चपलेचा नंबर बघून गिऱ्हाइकाला चप्पल द्यायची, तसलाच प्रकार.

त्यात विंडोज पण साधं नाही. ६४ बिटमध्ये वाऊ६४ नावाचा एक थर असतो, तो ३२ बिट प्रोग्रॅमला विंडोज ६४ बिटचं आहे याचा पत्ताच लागू देत नाही. प्रोसेसर कुठला विचारलं तर एक्स८६ (म्हणजे ३२ बिटचा) सांगतो, सिस्टिम३२ फोल्डर मागितला तर गुपचूप सिसवाऊ६४ मध्ये नेऊन सोडतो (आणि ६४ नाव असलेल्या फोल्डरमध्ये फायली ३२ बिटच्या, हे कुणाच्या डोक्यातून आलं देव जाणे).

नवा इन्स्टॉलर थेट विंडोजलाच विचारतो, मी वाऊ६४ मध्ये चालतोय का? हो आलं की विंडोज ३२ बिटचं नाही हे नक्की. फक्त एआरएमवाल्या (वेगळ्या जातीचा प्रोसेसर असलेल्या) लॅपटॉपवर पण हो येतं आणि तिथे ड्रायव्हर वेगळा लागतो, तो आपल्याकडे अजून नाही, म्हणून तिथे इन्स्टॉलर मेसेज देऊन थांबेल.

टास्क मॅनेजरमध्ये आपल्या प्रोग्रॅमपुढे ३२ बिट दिसलं तर घाबरू नका, ते बरोबरच आहे. फोन करायच्या आधी सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट असं जाऊन 'सिस्टिम टाइप'च्या ओळीचा फोटो व्हॉट्सॲपला टाका. ओळ पूर्ण येऊ द्या, कारण काही जुन्या पीसीत प्रोसेसर ६४चा आणि विंडोज ३२चं असतं, आणि ड्रायव्हर विंडोजप्रमाणे लागतो.