'तडीपार म्हणजे कायमचा हाकलला' हे खरं नाही

वर्षानुवर्षं फिरणारा मेसेज असा: 'टोळीतला माणूस तडीपार झाला की जन्मभर गावाबाहेर, पुन्हा चौकात दिसला तर समजा पोलीसच सामील.'

कायदा वेगळं सांगतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 नुसार हद्दपारी, म्हणजेच तडीपारी, जास्तीत जास्त 2 वर्षांची असते. टोळीसाठी कलम 55, एकट्या माणसासाठी 56, आधी शिक्षा झालेल्यांसाठी 57. जळगाव, धुळे, नंदुरबारात पोलीस आयुक्तालय नाही. त्यामुळे कलम 56 चे आदेश बहुधा प्रांताधिकारी काढतात. आधी कलम 59 ची नोटीस देऊन संबंधित माणसाचं म्हणणं ऐकावं लागतं. ही शिक्षा नव्हे, प्रतिबंधक उपाय आहे. म्हणूनच जिथे साक्षीदार उघडपणे पुढे यायला घाबरतात, तिथे 56 कामी येतं. आदेशाविरुद्ध 30 दिवसांत शासनाकडे अपील करता येतं.

मग तो भुसावळच्या बाजारात दिसला तर? मुदत संपली असेल, अपिलात आदेश रद्द झाला असेल, किंवा कोर्टाच्या तारखेसाठी लेखी परवानगी असेल. यातलं काहीच नसेल, तर तो हद्दपारीचा भंग आहे: वॉरंटशिवाय अटक आणि कलम 142 खाली नवा गुन्हा.

खात्री करायची तर आदेशातल्या तीन गोष्टी बघा: कलम, मुदत आणि हद्द. हद्दीत शेजारचे जिल्हेही असू शकतात. लोक नेमकं हेच विसरतात. आदेश हाती नसेल तर पोलीस ठाण्यात विचारा. भंगाची शंका आली तर फोटो ग्रुपवर टाकू नका, त्याला अडवायलाही जाऊ नका. 112 ला फोन करून जागा आणि वेळ सांगा.